चमचा, लाकडी, एक नग

वितळलेल्या लाखेचा वास आला की मला पनवेलजवळच्या एका पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची खोली आठवते. दोन हजार दहाच्या आसपास मी तिथे मुद्देमाल कारकून होते आणि माझ्या रजिस्टरमध्ये एक खाडाखोड दाखवा, असं मी कुणालाही बेधडक सांगायचे. खाडीत बुडालेल्या एका अनोळखी माणसाच्या वस्तूंवर वर्षभर कोणी हक्क सांगितला नव्हता, म्हणून त्या जाळून टाकायचा आदेश आला. मागच्या अंगणात पंचांसमोर मी लाखेचं सील फोडलं आणि माझीच नोंद मोठ्याने वाचली, "चमचा, लाकडी, सपाट, एक नग." तिथे झाडू मारणारी कोळीवाड्यातली मावशी थबकली. "चमचा नाय ह्यो, मॅडम. जालं विनायची सुई हाय. आन ह्या तीन रेघा म्हंजे त्याच्या घरची निशानी." पंच हसले. मी मात्र आगपेटी खिशात घातली, मावशीला जीपमध्ये बसवलं आणि खाडीपलीकडची गावं गाठली. तिसऱ्या गावात एका बाईने रेघांवरून अंगठा फिरवला. नवरा हरवल्याची तिची तक्रार दुसऱ्याच ठाण्यात पडून होती. दारात टांगलेलं अर्धवट जाळं तिने पुढे ओढलं आणि वीण थांबली होती तिथे ती सुई खोचून ठेवली. परत आल्यावर मी 'चमचा' हा शब्द खोडला. आता निवृत्त झालेय. सगळ्या नोकरीत माझ्या हातची खाडाखोड ती एकच, आणि मी ती अजूनही मान ताठ ठेवून सांगते.