अंतऱ्यातली चूक

अलॉन्झो टिब्जला आमचं अर्धं कॅन्सस सिटी ओळखायचं, पण कत्तलखान्यातल्या फरश्या धुणारा म्हणून. त्याचा सॅक्सोफोन ऐकलेले आम्ही दोघंतिघंच उरलो होतो. त्यातला एक मी, मेब्री, डबल बास हे माणसाएवढं उंच तंतुवाद्य वाजवणारा. असा साक्षीदार असण्यापेक्षा नसलेला बरा.

शनिवारी दुपारी वादक मंडळी युनियनच्या हॉलमध्ये जमायची. गाणं बहुतेक वेळा एकच, ‘ओसरीवरचा दिवा’. शेंबडं पोरही गुणगुणेल इतकं साधं. पण लॉटी जेसप पियानोवर त्याची तिसरी ओळ वाजवायचीच नाही, नुसती जागा सोडायची, आणि आम्ही सगळे ती ओळ मनातल्या मनात ऐकायचो. आमचा ट्रम्पेटवाला तेच गाणं भाडेकरूशी भांडायला निघाल्यासारखं वाजवायचा. दोन्ही आम्हाला प्रिय. दाद म्हणजे टाळ्या नव्हेत, मान खाली घालून एक ‘हं’. मात्र दुसऱ्याचं कुणी जसंच्या तसं वाजवलं, की आम्ही त्याला उष्टं म्हणायचो. उष्टं वाजवणाऱ्याला कुठला बँड उभं करत नसे.

या गाण्याची सगळ्यांत गाजलेली रेकॉर्ड तेव्हा एकवीस वर्षांची झाली होती. लेबलवर नाव बुकर क्रेनचं, कारण बँड त्याचा. एरवी सॅक्सोफोन बुकरच वाजवायचा, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याची दाढ सुजली होती, म्हणून वाजवला अलॉन्झोने. अंतऱ्यात शिरताना त्याचं बोट घसरलं आणि एक सूर चुकीचा लागला. मी घाईघाईने बासवर त्या सुराला आधार दिला, तेव्हा तो मुद्दाम लावल्यासारखा वाटला. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. नाव नंतर बदलून घेऊ म्हणता म्हणता बुकर मोटार अपघातात गेला, आणि सगळं गाव त्या चुकीला बुकरची प्रतिभा म्हणू लागलं. तो सूर आला की भलेभले डोळे मिटायचे. अलॉन्झोही त्यांच्यात बसून मान हलवायचा. पडत्या काळात बुकरने त्याला जेवू घातलं होतं. मेलेल्याच्या ताटातलं काय काढून घ्यायचं, म्हणायचा.

पण गारठलेल्या पाण्यात उभं राहून त्याचे गुडघे गेले आणि एकसष्टाव्या वर्षी कत्तलखान्याने त्याला घरी बसवलं. नेमकी तेव्हाच बुकरच्या मुलाच्या, प्रेन्टिसच्या, बँडमध्ये सॅक्सोफोनवाल्याची जागा रिकामी झाली. गावात दुसरा बँड उरलाच नव्हता. अलॉन्झो तीन आठवडे चर्चच्या तळघरात नव्या कवळीने हिरड्या रक्ताळेपर्यंत वाजवत होता.

“मेब्री,” मला म्हणाला, “ही जागा हुकली तर मी सॅक्सोफोन पुन्हा हातात धरणार नाही. कुणासाठी धरू?”

मग एका शनिवारी त्या जागेसाठी तो हॉलमध्ये उभा राहिला आणि त्याने तेच वाजवलं, रेकॉर्डवरचं, स्वतःचं. दुसरं काही त्याच्या बोटांत शिल्लकच नव्हतं. फक्त अंतऱ्यात तो सूर त्याने बरोबर लावला, जसा तेव्हा लावायचा होता तसा. मला भरून आलं. हॉलमध्ये मात्र कुणी ‘हं’ केलं नाही.

“काका, माझ्या बापाचं उष्टं वाजवताय,” प्रेन्टिस म्हणाला. “आणि तेही चुकवून. निदान रेकॉर्ड तरी नीट ऐकायची होतीत.”

दोघंचौघं हसले. अलॉन्झोने सॅक्सोफोन खाली घेतला.

“ते मीच वाजवलंय, पोरा. तुझ्या बापाची दाढ सुजली होती. मेब्रीला विचार, तो होता तिथे.”

प्रेन्टिस माझ्याकडे वळला. बापाच्या त्या एका सुरावर त्याचा बँड चालत होता आणि त्या बँडवर माझं पोट. अठ्ठावन्न वर्षांच्या बासवाल्याला दुसरं कोण उभं करणार होतं? ही सबब मी नंतर शोधली. त्या क्षणी मी नुसता भ्यालो.

“फार वर्षं झाली,” मी म्हणालो. “नीटसं आठवत नाही.”

अलॉन्झोने चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी सुटलो असतो. प्रेन्टिसचं मात्र समाधान होईना. आठवत नाही म्हणजे काय, बापाने वाजवलं की नाही, एवढं सरळ सांग, असं म्हणत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी उगाच बासची खुंटी पिळायला लागलो. लॉटी पियानोवरून उठून माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा अलॉन्झोच मध्ये पडला.

“सोड त्याला,” तो म्हणाला. “रेकॉर्डवरूनच शिकलोय मी. चुकीचं शिकलो असेन.”