मिस्टरांची सही

मी माझी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद काउंटरवरून पुढे सरकवला. पलीकडच्या मुलीने तो न वाचताच माझ्याकडे परत सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मिस्टरांची सही राहिली," ती म्हणाली.

मिस्टर ओडिशात होते. नवरा कारखाने सुरू करून देण्याच्या कामात आहे, त्यामुळे कारखाना सुरू होईपर्यंत तो घरी येत नाही. मी एक्केचाळीस वर्षांची, मुलगी दहावीत, बीपीची गोळी सुरू होऊन वर्ष झालेलं. टेस्टवर दोन रेषा उमटल्या तेव्हा मला आधी हसू आलं, मग रडू आलं आणि मग भयंकर चीड आली, कारण काळजी आम्ही घेतली होती. संध्याकाळी नवऱ्याशी फोनवर बोलले. तो म्हणाला, शरीर तुझं, बीपी तुझं, सगळं तुलाच सोसावं लागणार, तेव्हा तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे. दहा मिनिटांत विषय संपला. आमच्या संसारात इतक्या पटकन एकमत कशावरच झालेलं नाही. बाथरूमच्या टाइल्सना तीन महिने लागले होते.

म्हणजे खरं तर प्रश्नच नव्हता. मूल नको हे मी ठरवलं होतं, नवऱ्याला मान्य होतं, कायद्यात बसत होतं. सहावा आठवडा चालू होता आणि नवव्या आठवड्यापर्यंत नुसत्या गोळ्यांवर काम होतं. पुढे गेलं की भूल, टेबल, ॲडमिट होणं, आणि माझ्या बीपीचं बघता मला ते अजिबात नको होतं. अडलं होतं ते फक्त त्या शेवटच्या ओळीपाशी.

मी आत डॉक्टरबाईंकडे गेले. डोंबिवलीतल्या याच बाईंनी माझं बाळंतपण केलेलं, त्यामुळे मला वाटलं, बाहेरच्या मुलीला माहिती नसेल, यांना असेल. त्यांना होतीच. "कायदा मला सांगू नकोस गं, मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची सही पुरते. पण मध्यंतरी एकीचा नवरा चार माणसं घेऊन आला होता. बाहेरच्या दाराची काच त्यानंतर बसवलीय." मग त्यांनी माझी जुनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, त्यात तुझी पहिली मुलगी. उद्या तपासणीला कोणी आलं आणि पहिली मुलगी असलेल्या बाईने दुसऱ्या वेळी पाडलं असं दिसलं, तर उत्तरं मला द्यावी लागतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहाव्या आठवड्यात मुलगा की मुलगी हे कोणाच्या बापाला कळणार नाही, आणि हे मी त्यांना सांगायचं? मुलींना वाचवायचा कायदा हवाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मला मुलगी आहे, ती मला जिवापाड आवडते, आणि नेमकं त्यामुळेच मी संशयित? बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं, बीपी मोजलं, ते वाढलेलंच निघालं, आणि मग त्यांनी मला नवऱ्याला घेऊन ये म्हणून घरी पाठवलं.

नवरा फोनवर म्हणाला, मी सही करून स्कॅन पाठवतो. त्याने पाठवलीही. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मोबाइलमध्ये डोकावून सांगितलं की ओरिजनल लागते. मी व्हिडिओ कॉल लावून नवऱ्याला तिच्यासमोर धरला. तो बिचारा हेल्मेट घालून उभा, मागे मोठा आवाज, आणि ओरडून सांगतोय, हो, माझी संमती आहे. बाकांवर बसलेल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. मुलगी लाजली आणि म्हणाली, सर, तुम्ही प्रत्यक्ष या. सरांना महिनाभर सुट्टी मिळणार नव्हती.

मग मी माणसं करतात तो मूर्खपणा केला, म्हणजे कायदा वाचला. ऑफिसात प्रिंट काढली, पिवळ्या मार्करने ओळी रंगवल्या. संमतीचा सरकारी नमुना एका पानाचा आहे आणि त्यावर सही फक्त बाईची आहे. नवऱ्यासाठी तिथे जागाच ठेवलेली नाही. 'पती अथवा पालक' ही ओळ ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवर टाइप करून घेतलेली. ती प्रिंट पर्समध्ये घालून मी आणखी दोन ठिकाणी गेले. एका ठिकाणी सांगितलं की आम्ही हे करतच नाही, तुम्ही ठाण्याला बघा. दुसरीकडच्या डॉक्टरांनी माझी पिवळी पानं खरोखर वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, बरोबर आहे मॅडम तुमचं, पण आमची सिस्टिम अशी आहे.

सिस्टिम हा शब्द मला नवा नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचे फॉर्म वडिलांची सही नाही म्हणून मी स्वतः कितीतरी वेळा परत केलेत. नियमात तसं काही नाही, पण आमच्याकडे घेतात. ती मुलं चेहरा पाडून खिडकीपासून बाजूला होत, तेव्हा मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात वाटलं, आणि वाटून मी आणखीनच चिडले, कारण आता स्वतःवर चिडायलाही वेळ नव्हता.

दिवस जात होते. सातवा आठवडा संपला. सकाळी उलट्या, ऑफिसात ॲसिडिटीचं नाटक, घरी मुलीवर विनाकारण आरडाओरडा. तिने भूमितीचं पुस्तक सोफ्यावर ठेवलं म्हणून मी तिला इतकं बोलले की ती जेवायला उठली नाही. मला रात्रभर झोप लागत नव्हती. ज्या गोष्टीचा निर्णय घेताना मला त्रास झाला नव्हता, ती गोष्ट दारोदार मागत फिरताना मला अपराधी वाटायला लागलं. हेच मला अजून खुपतं. मी काही चुकीचं करत नव्हते, पण तीन काउंटरवरून परत आल्यावर माझी मान आपोआप खाली गेलेली होती.

आठव्या आठवड्यात ठाण्याला कोपरीतल्या एका छोट्या नर्सिंग होमचा पत्ता कळला. तिथे सोनोग्राफी झाली, त्याच्या फॉर्मवर मुलगे किती, मुली किती हे लिहून झालं, डॉक्टर भले वाटले. मग काउंटरवर तोच कागद आला, टाइप वेगळा, ओळ तीच. यावेळी मी प्रिंट बाहेर काढली नाही. मी काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, हे खाली गाडीत आहेत, पार्किंग मिळत नाहीये, सही घेऊन येते. ठाण्यात या कारणावर कोणी शंका घेत नाही. त्यांनी कागद लगेच दिला.

मी जिना उतरले, खालच्या मेडिकलच्या पायरीवर पर्स ठेवली, पर्सवर कागद ठेवला आणि नवऱ्याची सही केली.

हे मला आधी का सुचलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पहिलीपासून त्याची सही मीच करते. सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर, कुरिअर, शाळेच्या सहलीचं संमतिपत्र, सगळीकडे तीच. तो महिनोन् महिने बाहेर असतो, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका हेच करतात. त्याच्या सहीतला शेवटचा फराटा माझा जास्त सफाईदार येतो. मी दोन मिनिटं थांबून वर गेले. बाईंनी सही बघितली, स्टेपलर मारला आणि मला आत सोडलं. पंधरा दिवस जे कायद्याने झालं नव्हतं, ते खोटेपणाने पाच मिनिटांत झालं. पहिली गोळी मी डॉक्टरांसमोर घेतली. दुसऱ्या गोळ्यांसाठी दोन दिवसांनी बोलावलं.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी कळव्याची एक बाई बसली होती. तिशीची असेल. मांडीवर तोच कागद. तिची सही करून झाली होती, स्वच्छ अक्षरात, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे त्याचं नाव तिच्या सहीच्या मधोमध होतंच, तरी खालची ओळ रिकामी होती. काउंटरवर तिला सांगितलेलं मी ऐकलं होतं: घरी जा, मिस्टरांची सही घेऊन या, मगच पुढचं. ती गेली नव्हती. तशीच बसून होती.

मला राहवलं नाही. मी पर्समधून माझी पिवळी पानं काढली आणि तिला हळू आवाजात समजावायला लागले, की तुझी एकटीची सही पुरते, हे बघ, इथे लिहिलंय, त्यांना सांग. तिने ती ओळ नीट वाचली, दोनदा वाचली. मग तिने मला तिची गोष्ट सांगितली. दोन मुली आहेत. नवऱ्याला मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही. दुसरीच्या वेळी तिला रक्त चढवावं लागलं होतं आणि तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की आता पुन्हा नको. तो सही देणार नव्हता. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

"त्याला विचारायला गेले तर तो मला घराबाहेर पडू देणार नाही, ताई," ती म्हणाली.

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, म्हणूनच तर सांगते, कायद्यात त्याला विचारायचंच नाहीये.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी साधेपणाने.

"मग तुमची एकटीची का नाही चालली?"

मग तिनेच सांगितलं. परवा ती इथेच होती. तपासणीला आली होती, रिक्षा बघायला खाली उतरली होती, आणि मेडिकलच्या पायरीवर मला तिने बघितलं होतं. आता ती फक्त वाट बघत होती.

पंधरा दिवसांचा माझा सगळा राग तिथे उघडा पडला. माझा नवरा हो म्हणालेला होता. मी भांडत होते ते माझ्या तत्त्वासाठी, वेळेसाठी, अपमानासाठी. सही पकडली गेली असती तरी ओडिशाहून तो माझ्याच बाजूने बोलला असता. हिची पकडली गेली तर हिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. काउंटरवर जाऊन तिच्यासाठी पिवळी पानं फडकवावीत, असं एकदा मनात आलं. पण त्यांनी वाद नको म्हणून तिला परत पाठवलं असतं, आणि मग माझीही फाइल उघडली असती. मी घाबरले, हे खरं आहे. आणि बरोबर होते, हेही खरं आहे.

मी तिला विचारलं, सही मराठीत करतो की इंग्लिशमध्ये. मराठीत, ती म्हणाली, पण पूर्ण नाही, पहिलं अक्षर, एक टिंब आणि मग आडनाव. आम्ही दोघी खाली उतरलो. मी कागद पर्सवर ठेवला आणि ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही, ज्याने नाही म्हटलं असतं, त्याची संमती लिहून दिली. पेन दाबून धरलं, त्यामुळे अक्षर पुरुषी आलं.

थोडा वेळ काढून ती एकटीच वर गेली. मी मागून गेले आणि बाकावर बसले. काउंटरवरच्या बाईंनी सही बघितली, स्टेपलर मारला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मायेचा झाला.

"बघा, तुम्ही उगाच घाबरत होता," त्या तिला म्हणाल्या. "समजूतदार आहेत हो मिस्टर तुमचे."

ती मान खाली घालून म्हणाली, "हो."