आडवी फांदी

माझा एक किस्सा बारामतीत बऱ्याच जणांना पाठ आहे. लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, एसटीची वाट बघताना – मीच सांगून सांगून तो इतका गुळगुळीत केलाय, की कुठं हसायचं हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. पण त्यातली एक गोष्ट आजवर कुणाच्या कानावर गेलेली नाही. बायकोच्याही नाही. तीच आज सांगायला बसलोय, आणि बघा – त्या गोष्टीजवळ पोचायच्या आधी इकडतिकडचं बोलून घ्यावंसं वाटतंय.

तर बोलूनच घेतो.

नव्वदीची सुरुवात. मला नुकतीच नोकरी लागलेली, नोकरीच्या जोरावर फटफटी घेतलेली. फटफटीवर बसलं की मी स्वतःला कोण समजायचो ते विचारू नका. अंगात मांस नाही, पण गॉगल तोंडाएवढा. एकदा स्टँडसमोर ऐटीत वळण घेतलं आणि थेट कलिंगडांच्या ढिगात गेलो. हँडल मात्र सोडलं नाही, हे मी आजही अभिमानानं सांगतो.

असली गाडी सारखी दुरुस्तीला. त्यातून तात्या मेकॅनिकच्या गॅरेजात चारपाच जणांची ओळख झाली. तात्या पन्नाशीचे, तोंडानं फटकळ. एका रविवारी कुणीतरी पेपरातला वाळवंटातल्या फटफट्यांच्या शर्यतीचा फोटो दाखवला. तात्या म्हणाले, "वाळवंट बघाया लांब कशाला जाताय? आपला इंदापूरचा माळ काय कमी हाय व्हय?" झालं, ठरलं. एप्रिलात एका सकाळी निघायचं, डांबरी रस्त्याला शिवायचं नाही, माळामाळानं अंथुर्ण्याच्या बाजूला जायचं आणि वाटेत एका देवळापाशी भाकरी सोडायची.

आमच्यात मिलिंद होता, माळेगावचा. भावाची जुनी राजदूत फटफटी घेऊन यायचा. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याचं जवळजवळ झालं होतं – गाडी चालवून दाखवायची परीक्षा पास, फक्त डॉक्टरी तपासणी बाकी. त्याच्या घरात तोवर कुणाला पगाराची नोकरी नव्हती. बोलायचा कमी, हसायचा लगेच. आम्ही सगळेच एकमेकांना नवे होतो, पण तो जास्त नवा होता. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारायची गरज उरलेली नाही.

माळावर धुरळा असा, की पुढच्याला चिकटून गाडी चालवणं अशक्य. अंतर ठेवावं, तर पुढचा दिसत नाही. त्यावर तात्यांनी त्यांच्या लहानपणचा तोडगा काढला. उसाच्या बैलगाड्या रांगेनं कारखान्याला निघायच्या, तेव्हा पुढचा गाडीवान फाट्यावर चुकीच्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायचा. मागच्यानं फांदी बघायची आणि दुसरी वाट धरायची. "फांदीला कुणी हात लावायचा न्हाय," तात्यांनी बजावलं. "ती जबान असती."

तात्या सगळ्यात पुढं. मी शेवटून दुसरा. माझ्या मागं मिलिंद, कारण त्याची राजदूत दमेकऱ्यासारखी चालायची.

किश्श्यात मी पुढचं कसं सांगतो, ते आधी ऐका. फाटा आला. डावी वाट देवळाकडं, उजवी मुरमाच्या जुन्या खाणीकडं. तात्यांनी उजवीवर बाभळीची हिरवीगार फांदी टाकलेली. आम्ही सगळे गुमान डावीकडं. आणि आमचा मिलिंद? फांदी ओलांडून उजवीकडं! अहो, शेळी असती तरी फांदी खायला थांबली असती! – इथं लोक हसतात. मग मी राजदूत खाणीत कशी उतरली ते तोंडानं आवाज काढून सांगतो. इथं जास्त हसतात.

मिलिंद फांदी ओलांडून गेला नाही.

फाट्यावर मी थांबलो होतो. मागं धुरळा लांब होता. फांदी उचलली आणि डाव्या वाटेवर टाकली. तळहातात काटा घुसला, तो उपसून काढला, आणि हसत हसत देवळाकडं सुटलो. कशासाठी? गंमत. बेणं जरा भटकेल, घामाघूम होऊन येईल, आणि भाकरी खाताना मला सगळ्यांना हसवता येईल. नव्या मंडळीत माझं काहीतरी नाव व्हावं, एवढंच होतं. फाट्यापाशी जमीन मुरमाड, चाकाचा माग उमटत नव्हता. तो विश्वास ठेवणार तो फांदीवरच.

पण एवढंच असतं, तर मी कधीतरी बोलून टाकलं असतं, नाही का? खाण मला माहीत होती. सकाळी निघताना तात्यांनी सांगितलं होतं, "उजवीकडं खाण हाय, कडा दिसत न्हाय लवकर." मिलिंद तेव्हा थोडा लांब राजदूतला किका मारत होता. त्यानं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं.

देवळापाशी लिंबाखाली आम्ही बसलो. भाकरी, ठेचा, कांदा. मला हसू आवरेना. मग सावली सरकली. तात्या सारखे उठून माळाकडं बघायला लागले. तेव्हा तरी सांगावं ना? जीभ उचलली नाही. उचलली ती वेगळंच बोलायला – "तात्या, मी पुढं जाऊन फाट्यावर बघतो." "शाबास रं," तात्या म्हणाले.

मी एकटा फाट्यावर गेलो. फांदी उचलून परत उजव्या वाटेवर टाकली. नीट, होती तशी. मग मागनं येणाऱ्या बाकीच्यांना हाका मारल्या.

मिलिंद खाणीत गाडीखाली होता. गुडघ्याचं काय झालं होतं ते लिहीत नाही. ओठ फुटले होते. तात्यांना बघून तो म्हणाला, "तात्या, फांदी डावीकडं व्हती वो." आम्ही त्याला उचलून फाट्यावर आणलं. तात्यांनी नुसतं बोट दाखवलं. मिलिंदानं मान वळवली. उजव्या वाटेवर फांदी होती. तो तिच्याकडं बघत राहिला – किती वेळ, मला सांगता येणार नाही, मी दुसरीकडं बघत होतो. मग हळूच म्हणाला, "उन्हानं डोळं फिरलं आसत्याल माजं. माफ करा."

माझ्या तळहातातली काट्याची जखम परत उघडून रक्त येत होतं. खाणीत उतरताना लागलं असं समजून तात्यांनी स्वतःचा रुमाल फाडून मला बांधला.

पाय कायमचा ताठ राहिला. डॉक्टरी तपासणीचं बोलावणं आलं, तेव्हा तो खाटेवर होता. मी भेटायला गेलो, मोसंबी घेऊन. नोकरी हुकली म्हणून त्याची आई कुरकुरली, तर तोच तिला म्हणाला, "ज्याला डावं-उजवं दिसत न्हाय, त्येनं यष्टी काय चालवायची, आई? माणसं मारली आसती मी." मी मोसंबी सोलत बसलो.

पुढं त्यानं माळेगावात किराणा मालाचं दुकान टाकलं. आमची दोस्ती वाढली – हे तुम्हाला पटणार नाही, पण वाढली. माळेगावच्या स्टँडवर भेटला, की मी बघायचो: समोर गाडीवर 'बारामती' अशी पाटी, हा ती वाचायचा, आणि तरी शेजारच्याला विचारायचा, "बारामतीचीच हाय न्हवं?" दुकानातही वजन केलं, की काटा गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्याकडून वदवून घ्यायचा. लोक म्हणायचे, प्रामाणिक माणूस. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. तो विश्वास कुठं गेला, हे जगात मला एकट्याला माहीत होतं. आणि मी काय करत होतो? किस्सा रंगवत होतो. त्याच्यासमोर सुद्धा. तोच फर्माईश करायचा – "सुभाषराव, ते शेळीचं सांगा की." आणि सगळ्यात आधी हसायचा.

गेल्या हिवाळ्यात मिलिंद गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी माळेगावात गेलो. वंदना झाली, दोघंचौघं त्याच्याबद्दल बोलले. मग त्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, ते फांदीचं सांगा ना. ह्यांना लई आवडायचं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मिलिंदाचा फोटो होता. तात्या पुढंच खुर्चीवर बसलेले, आता थकलेले, कानामागं हात धरून.

मी उभा राहिलो, आणि सांगितलं. डावी वाट डाव्या हातानं दाखवली, उजवी उजव्या हातानं. शेळीपाशी सगळे हसले. मिलिंदाची बायको पदरानं डोळे पुसत हसली.

चांगला रंगला.