पांढऱ्या दोऱ्यात परतलेले कार्ड

मुकादम सरांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते आमच्या चौलच्या वाडीतल्या तळीत गुडघाभर पाण्यात उभे होते. शेजारच्या मथुराबाय काठावरून ओरडल्या, "दादा, त्या तळीत मासळी न्हाय. रेवदंड्याला जा."

"मासळी नको, बाय. चतुर किड्याची कात हवी."

"ती काय कालवणात घालतात?"

सर हसले आणि चतुराचे पिल्लू पाण्याबाहेर येऊन पाणगवतावर टाकते ती नखाएवढी पोकळ कात त्यांनी बायच्या तळहातावर ठेवली. माझे यजमान प्रभाकर त्या दिवसापासून सरांचे शिष्य झाले. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात खरे तर त्यांनी लिहायचे होते. ते आता नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

सरांनी आयुष्य लहान चतुरांच्या एकाच कुळाच्या अभ्यासाला दिले. प्रत्येक जातीचे एक कार्ड. जिवंत जातींचा गठ्ठा पांढऱ्या दोऱ्यात, नामशेष जातींचा काळ्या. काळ्यात बहुतेक दगडातल्या ठशांवरूनच माहीत असलेल्या जाती. आमच्या तळीतली एक तांबूस जात बरीच वर्षे कुठेच दिसली नाही, तेव्हा तिचे कार्डही सरांनी जड मनाने काळ्यात बांधले.

पुढे यजमान आजारी पडले. एका सकाळी तळीवरून परतून म्हणाले, "ती दिसली." सर नियमाला पक्के होते. "प्रभाकरराव, कात दाखवा. नजर चुकते." कात शोधायला खाली वाकणे यजमानांना जमत नव्हते. "सरांना वाटतं, मला तापात दिसली," एवढेच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

ते गेल्यावर सर दर रविवारी येऊन तळीत उतरू लागले. बोर्ली पंचतनहून दिघीची जेटी, तिथून लाँच, खाडीपलीकडून एसटी. दोन पावसाळे गेले. एका रविवारी ते ओल्या कपड्यांनीच पडवीत बसले, काळा दोरा सोडला, ते कार्ड काढले आणि त्यावर यजमानांचे नाव व त्यांनी सांगितलेला दिवस लिहिला. तळीत सापडलेली तिची कात शेजारीच होती.

"वहिनी, मी त्यांना खोटं पाडलं. या पाण्यात मी तेव्हाच उतरायला हवं होतं."

मी चहा ठेवला. बाहेर येऊन पाहते तो कार्ड पांढऱ्या दोऱ्यात बांधलेले. पुढे ही आपली चूक सरांनी लेखातही छापून कबूल केली.

सरांचे गुडघे हल्ली दुखतात. ते घसरू नयेत म्हणून तळीची वरची पायरी मी घासून घेते. पाणगवताला कोणाला हात लावू देत नाही. सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि रविवारी आमच्या पडवीत त्यांचा चहा होत राहो.