परत न आलेलं पत्र

यवतमाळच्या सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर लागले तेव्हा माझ्या टेबलाखाली एक पोतं होतं, परत आलेल्या टपालाचं. पाय ठेवायला जागा नसे, म्हणून मी खुर्चीवरच पाय दुमडून बसायची आणि आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, येताना दिसले की घाईने खाली सोडायची. पोत्यातलं एकेक पाकीट काढायचं, पोस्टमनने पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचं आणि संगणकात भरायचं, एवढंच माझं काम. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पोस्टमनचं पळतं अक्षर मला पटकन लागत नसे. ‘घर बंद’, ‘गाव सोडून गेले’, ‘या नावाचे येथे कोणी नाही’. ओठ हलवत वाचावं लागे. बडे बाबूंनी ते एकदा पाहिलं आणि मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायला लागले.

मग नवी प्रणाली आली. आता पत्ते आम्ही सांभाळायचे नव्हते. रेशन, वीज, गॅस, दवाखाना, जिथे त्या माणसाची सगळ्यात ताजी नोंद असेल, तिथला पत्ता ती रात्रीतून आपोआप उचलून आमच्या यादीत बसवणार होती. पोतं हळूहळू रिकामं झालं. साहेबांना वरून शाबासकी मिळाली आणि त्यांनी पेढे वाटले.

पेढा मी खाल्ला, पण माझा विश्वास बसला नाही. त्याच दुपारी मी प्रणालीत स्वतःचं नाव टाकून पाहिलं. यवतमाळात मी नुकतीच एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिचा पत्ता ऑफिसमध्ये कोणालाही दिला नव्हता. तो समोर आला. त्यात ‘मागच्या जिन्याने’ हे शब्दसुद्धा होते. ते मी फक्त गॅसची नोंदणी करताना सांगितले होते, सिलिंडर आणणाऱ्याला जिना सापडावा म्हणून. मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि मागे कोणी उभं नाही ना, ते पाहिलं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती, पण ती सांगायला सोपी नव्हती, म्हणून मी ती कोणाला सांगितली नाही. पत्र परत आलं की बडे बाबू चिडायचे, कपाळावर हात मारायचे, पण मग त्या गावात कोणाला तरी फोन लावायचे. आता पत्र परत येत नव्हतं आणि फोनही कोणी लावत नव्हतं. सगळ्या नावांपुढे फक्त ‘पोचले’ असा हिरवा शब्द यायचा. कुठे पोचले, कोणाच्या हातात, हे कोणी विचारत नव्हतं.

अंगणवाडी मदतनीसांची भरती चालू होती. मदतनीस त्याच गावात राहणारी पाहिजे, हा त्यातला मुख्य नियम. अर्ज केलेल्या बायकांना मूळ कागद घेऊन बोलावण्याची पत्रं गेली, तपासणी झाली. निवड यादी लागायच्या आदल्या दिवशी कळंबकडच्या एका गावातून एक तरुण बाई आली. कडेवर बाळ आणि बरोबर सासू.

“आमच्या गल्लीतल्या पोरीले पत्र आलं,” सासू बडे बाबूंना म्हणाली. “हिले काहून नाही आलं? कागद तपासून झाले म्हनते.”

“आलं नाही कसं? पोचलं दाखवून राह्यलं. सही बी हाय.”

“कोनाची सही? आमच्या घरी तं कोनी घेतलं नाही.”

बडे बाबूंनी स्क्रीन तिच्याकडे फिरवला आणि पत्ता वाचून दाखवला. तो उमरखेडकडच्या एका गावाचा होता. सासूने सुनेकडे पाहिलं.

“हे तं तुह्या मायचं गाव.”

“मले काय माहीत, आत्याबाई.”

“तूच दिला असशीन. तिकडंच राह्याचं होतं ना तुले? माह्या पोराले दोनदा पाठवा लागलं तुले आनाले.”

“अर्ज भरला तवा तुमीच बाजूले बसल्या होत्या. पत्ता तुमीच सांगतला.”

“मंग अर्ज चालत गेला का उमरखेडले?”

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. बडे बाबूही हसले. सुनेने मान खाली घालून मोबाइल काढला आणि माहेरी फोन लावला. भावजयीचा मोठा, आनंदी आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “हो वं, आलं ना पत्र. सही करून घेतलं म्या. सरकारी हाय म्हटलं, शोकेसमधी नीट ठेवलं. दिवाळीले येशीन तवा देऊ.”

“पाहा,” सासू रांगेकडे वळून म्हणाली. जणू रांगच न्यायनिवाडा करणार होती.

खरं सांगते, संशय मलाही आला. सून फार कमी बोलत होती, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय काय असतं हे मला स्वतःवरून माहीत आहे. म्हणून मी तिच्या नोंदीचा इतिहास उघडला. पत्ता तिने बदललाच नव्हता. तो दवाखान्याच्या नोंदीतून आला होता.

मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. तरी उठून काउंटरपाशी गेले.

“काकू, बाळंतपण माहेरी झालं का?”

“पयलं बाळंतपन मायघरीच असते ना, बाई. म्याच पाठवलं सातव्यात, ओटी भरून. कायले विचारता?”

“तिथल्या नर्सताईंनी नाव नोंदवताना तिथला पत्ता लिहिला. त्यांना घरी तपासायला जावं लागतं. मशीनला तीच ताजी नोंद वाटली.”

सासू माझ्यावरच डोळे रोखून म्हणाली, “गेली ते कळलं मशीनले. वापस आली ते काहून नाही कळलं?”

सून बाळाला घेऊन एसटीतून सासरी उतरते, याची नोंद कोणत्या खात्यात होते? जिल्ह्यात सातव्या महिन्यात माहेरी गेलेल्या किती जणींचे पत्ते असे रात्रीतून हलले असतील, हा विचार करत मी उभी राहिले. त्यांची पत्रं परत येणार नव्हती. माहेरी सही करायला कोणीतरी असतंच.

साहेबांच्या खोलीत मी आधी कधी एकटी गेले नव्हते.

“प्रणाली म्हणते पत्र पोचलं,” साहेब म्हणाले.

“भावजयीला पोचलं, सर.”

“तिने कळवायला पाहिजे होतं.”

“आधी पत्र परत यायचं, सर. मग आपणच कळवायचो.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी पुढारी आहे आणि माझ्या मागे आणखी माणसं आहेत. पण ग्रामसेवकाला त्यांनीच फोन लावला. रहिवासी दाखला दुपारी आला. सुनेचे मूळ कागद पिशवीत होतेच. सासूने येताना ते स्वतः भरून घेतले होते. तपासणी झाली. पत्ता मी हाताने दुरुस्त केला.

“झालं ना, कॉन्व्हेंट? आता आमाले जाऊ दे घरी,” बडे बाबू म्हणाले.

पण मला चैन पडेना. सकाळी ऑफिस उघडताच मी आधी तिची नोंद पाहिली. पत्ता पुन्हा उमरखेडकडचा झाला होता. दवाखान्यातली नोंद तशीच होती आणि प्रणालीने रात्री आपलं काम केलं होतं. तो पत्ता घेऊन यादी निघाली असती तर ‘स्थानिक रहिवासी नाही’ म्हणून तिचं नाव आपोआप गळलं असतं आणि कोणी काही केलं असंही दिसलं नसतं. मी पत्ता पुन्हा बदलला. बडे बाबूंना म्हटलं, यादी आत्ताच काढा. ते चहाला निघाले होते. मी दारात उभी राहिले. हललेच नाही.

“बाप्पा! पोरगी आडवी उभी राह्यली,” म्हणत ते परत फिरले.

कागद छापून हातात येईपर्यंत मी तिथेच होते. फलकावर तो मीच लावला. दोघी सकाळच्या एसटीने येऊन दारातच थांबल्या होत्या. सून पुढे झाली, बोट लावून खाली खाली आली आणि थांबली.

“हाय,” ती म्हणाली. “नाव हाय.”

“गाव कोनतं लिवलं ते पाह्य,” सासू म्हणाली.

“आपलंच.”

“आपलं म्हंजे कोनतं?”

सुनेने सासरच्या गावाचं नाव घेतलं, मोठ्याने, आजच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. सासूने मान हलवली. मग मला हाक मारली.

“बाई, तुमी वाचा बरं एकदा.”