कुणाच्या हातची भाकरी

भाकरी बडवणाऱ्या बाईचा फोन कायम स्पीकरवर असतो. पिठाचा हात कानाला लावता येत नाही, आणि दर फोनला हात धुवायचे म्हटलं तर तवा काय माझी वाट बघत थंड बसणार आहे होय? म्हणून माझा फोन परातीशेजारी, तिळाच्या डब्याला टेकवून उभा असतो. वाजला की करंगळीनं सरकवायचा आणि बसल्या जागेवरून मोठ्यानं बोलायचं. पलीकडचा काय म्हणतोय ते मला ऐकू येतं, समोर बसलेलीला येतं, दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही येतं. आमच्याकडं लपवायचं होतं काय? ज्वारी, तीळ आणि मीठ.

अनोळखी नंबर उचलू नका म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय? माझं निम्मं गिऱ्हाईकच अनोळखी. पुण्याच्या कुण्या बाईनं कुणाच्या तरी घरी सोलापूरची कडक भाकरी खाल्लेली असते, ती चार जणांना विचारून माझा नंबर मिळवते. असा फोन मी सोडला तर ती दुसरीकडं जाईल. उभ्या आयुष्यात मी वाजलेला फोन सोडलेला नाही.

भवानी पेठेत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत हा कारभार चालतो. माझ्यासोबत एक पोरगी असते. पोरगी म्हणायची सवय झाली, तिशीची बाई आहे ती, चौथीतल्या मुलीची आई. तेलुगू बोलणाऱ्या घरातली. नवरा यंत्रमागावर, सासूनं जन्मभर विड्या वळल्या. आली तेव्हा तिच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. मी काय काय बोलले असेन तिला, माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी पेठ जाणते. पण वर्षाभरात ती माझ्या पुढं गेली. तिची भाकरी उजेडाकडं धरली तर पलीकडचं बोट दिसतं. मला अक्का म्हणते. सकाळी नऊला येते, चारला जाते, कारण साडेचारला मुलीची शाळा सुटते.

आणि आमच्याकडं गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी एक गोष्ट विचारतं. कुणाच्या हातची? पूर्वी त्या प्रश्नात जात असायची, उगाच सोवळेपणाचा आव आणायला नको. आता बहुतेकांना चवच विचारायची असते. मला तर तो प्रश्न लई आवडायचा. कुणाच्या हातची म्हटलं की मी सुरूच व्हायची. तिचं नाव, तिचं घर, तिची मेहनत, सगळं सांगायची. माणसाला आपल्या माणसाचा अभिमान असतो की.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी एक फोन आला. गोड आवाजाचा पुरुष. "अक्का, ऊटा आतेनरी?" म्हणाला, म्हणजे जेवण झालं का. माझं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी ऐकलं की मी विरघळते. घरात कार्यक्रम आहे, शंभर भाकरी पाहिजेत म्हणाला. मग हळूच विचारलं, "भाकरी कुणाच्या हातची असते, अक्का? तुमच्या एकटीच्या?"

झालं. मी नेहमीसारखी सुटले. माझ्याकडं एक आहे, तिचा हात असा, तिचं घर पलीकडच्या पेठेत मारुतीच्या देवळामागं, नवरा अमक्याच्या मागावर, सासू विडीवाली पण लई स्वच्छ बाई. तो हं, हं करत होता. "मग न्यायला पाचला येऊ?" म्हणाला. म्हटलं, चारच्या आत या बाबा, ती मुलीला आणायला शाळेत जाते. "कुठली शाळा, अक्का?" तेही सांगितलं. एवढंच नाही, समोर बसलीये, बोलायचं का, असंही विचारलं. त्यावर तो हसला आणि फोन बंद झाला.

समोर बघते तर तिचे हात परातीत थांबलेले. तोंड पांढरं पडलेलं. "हात चालव की, शंभराची ऑर्डर आली," असं मी तिच्यावर खेकसले. ती खाली मान घालून बडवायला लागली. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही.

शंभर भाकऱ्यांची चळत दोन दिवस तशीच पडून राहिली. न्यायला कुणी आलं नाही. मी त्या माणसाला शिव्या घालत बसले, आणि तिसऱ्या दिवशी फोन वाजला. दारात ओळखीची एक शिक्षिका पिशवी उघडून उभी होती.

"अक्का, ती चोर आहे," तोच आवाज म्हणाला, आणि या वेळी त्यात गोडवा नव्हता. "कर्ज घेऊन फोन बंद करून बसलीये. तुमचा नंबर तिनंच दिलाय, म्हणजे तुम्ही जामीन. आज संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर तिच्या सासूला, तिच्या नवऱ्याच्या मालकाला, सगळ्यांना कळेल ती कसली बाई आहे ते." पुढं तो जे बोलला ते मी लिहिणार नाही. मी पिठाच्या हातांनी फोन बंद करायला गेले, तो हातातून निसटून उताणा पडला आणि जमिनीवरून बोलतच राहिला. शिक्षिका म्हणाली, "नंतर येते," आणि गेली. परत आली नाही.

मग दार लावून तिच्यासमोर बसले. तिनं सांगितलं ते थोडंच होतं. सकाळी मुलीला शाळेत सोडणाऱ्या रिक्षावाल्याचे दोन महिने थकले होते. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. फोनवर एक ॲप आलं, लगेच पैसे म्हणून. दाबत गेली, हो म्हणत गेली. आले त्याच्या दुप्पट आठवड्यात परत केले, तरी मागणं थांबेना. रोज वेगळा नंबर, रोज वेगळी शिवी. तिनं सिमकार्ड काढून चुलीत टाकलं आणि घरी सांगितलं, फोन पाण्यात पडला. पण त्या ॲपनं तिच्या फोनमधली सगळी नावं आणि सगळे फोटो आधीच ओढून घेतले होते. त्यात मी होते, 'भाकरी अक्का' म्हणून.

म्हणजे त्यांच्याकडं नुसती नावं, नंबर आणि फोटो होते, आणि तिचा स्वतःचा नंबर बंद पडलेला. घर, सासू, माग, शाळा, शाळेची वेळ, हे सगळं मी दिलं. चोराच्या हातात किल्ल्या दिल्या आणि वर विचारलं, अजून काय पाहिजे का बाबा. माझंच थोबाड मला फोडावंसं वाटलं. तिला म्हणालेही तसं.

ती म्हणाली, "तुमी चांगलंच सांगितलं होतं की, अक्का." आणि मग, "घरी कळलं तर मला घालवतील. पोरगी ठेवून घेतील."

नवरा मारकुटा नव्हता, पण संशयाचा किडा होता त्याच्या डोक्यात. भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली तरी तीन दिवस अबोला. आणि सासू कमी बोलणारी, तिच्या मनातलं कुणाला कळायचं नाही. त्या घरात असलं काही गेलं तर काय होईल हे मला सांगायची गरज नव्हती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. फोन वाजायचा. मी एकदा म्हटलं, अरे, तिनं दुप्पट दिलंय. तो म्हणाला, "आज तिनं हिरवी साडी नेसलीये ना?" तिनं खरंच हिरवी नेसली होती. अंदाजानं म्हणाला असेल. सोलापुरात रोज हिरवी साडी नेसलेल्या हजार बायका निघतील. पण त्या दिवसापासून दारात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडं मी बघायला लागले. ज्याला कानडी येतं, ज्याला अक्का कसं म्हणायचं ते कळतं, तो दिल्लीत बसलेला नाही. तो हितलाच कुणीतरी आहे. माझ्या हातची भाकरी खाल्लेलाही असेल. वर्षानुवर्षं येणारं एक म्हातारं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "आज ती दिसत नाही?" तर मी त्याच्या अंगावर धावून गेले.

साडेचारला मी तिच्याबरोबर शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागले. "शाळा सुटायची वेळ झाली ना, अक्का," एवढंच बोलून तो चार वाजता फोन ठेवायचा. एक अक्षर जास्त नाही. मला शिव्या परवडल्या असत्या. मुलगी बाहेर आली की आम्ही दोघी तिचा एकेक हात धरायचो. ती म्हणायची, "मला हात सोडून चालता येतंय की." आम्ही सोडायचो नाही.

आणि मग एका सोमवारी फोटो आला. चेहरा तिचा, माझ्याच खोलीत मी तिच्या फोनवर काढलेल्या फोटोतला, हसरा. खाली अंगावर काही नसलेलं कुणाचं तरी शरीर. मी फोन पालथा घातला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. ती आली नाही.

तव्याखालचा गॅस बंद केला की नाही आठवत नाही. पिठाच्या हातांनीच निघाले. वाटेत लोक बघत होते आणि मला वाटत होतं, ह्यांनाही आला असेल, ह्यांनाही. रस्त्यात एक विहीर आहे, बुजत आलेली, वर जाळी टाकलेली. मी थांबून जाळी नीट आहे का ते बघितलं. असं मन झालं होतं.

तिच्या घराचं दार आतून लावलेलं. दिवसा त्या गल्लीत कुणी दार लावत नाही. मी थापा मारल्या. सासूनं उघडलं. आत भिंतीला टेकून ती उभी, डोळे कोरडे. खाटेवर नवरा, हातात फोन, मान खाली. मुलगी शाळेत गेलेली, देवाची कृपा. मी वाटभर जुळवलेलं सगळं विसरले. नुसती म्हणाले, "चूक माझी हाय, पत्ता मी दिला." कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

सासूनं मुलाच्या हातातून फोन घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मी म्हटलं, आता संपलं. म्हातारी बघत होती, बराच वेळ, सुपातली विडीची पानं निवडावी तशी. मग तिनं सुनेचं मनगट धरलं आणि ओढतच खाटेपाशी आणलं. तो हात तिनं फोनशेजारी धरला, मुलाच्या नाकासमोर.

"नकं बघ हिची," फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली. फोटोतल्या बाईची नखं लांब होती, रंगवलेली. मनगट गुळगुळीत. शेजारी सुनेचा हात, नखं मुळापर्यंत कापलेली, मनगटावर तव्याचा चट्टा, तळव्याच्या कडेला घट्टा. "ह्या नकानं भाकरी व्हती व्हय रे?"

मुलानं बघितलं. नीट बघितलं. आणि मग तो आपल्या बायकोचा हात बघत रडायला लागला.

मी मात्र हादरले. जन्मभर हात, हात करत होते, आणि फोटो आला तेव्हा मी फक्त चेहरा बघून फोन पालथा घातला होता. मलाही क्षणभर खरं वाटलं होतं का? वाटलं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी आम्ही चौघं सायबर पोलिसांकडं गेलो. तिथल्या बाईंनी तक्रार घेतली, पैसे भरू नका म्हणाल्या, फोटो पुसू नका म्हणाल्या. आमच्या मागं तसलीच तक्रार घेऊन आणखी दोघी बसल्या होत्या. माणूस सापडला नाही. फोन हळूहळू कमी झाले, मग थांबले. थांबले म्हणजे संपले असं मी म्हणणार नाही. त्या आवाजाकडं सगळं तसंच आहे, घर, माग, शाळा. मी दिलेलं परत कसं घेणार?

ती आजही नऊला येते. फोन आजही तिळाच्या डब्याला टेकलेला असतो, स्पीकरवर, कारण पोटाला दुसरी वाट नाही. परवा एका बाईंचा फोन आला. बोलण्यावरून चांगल्या वाटल्या, लातूरच्या, मुलीला परदेशी पाठवायला भाकरी पाहिजे होत्या. सगळं ठरलं आणि त्यांनी विचारलं, "कुणाच्या हातची असते हो?"

आमच्या दोघींचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"माझ्या," मी म्हटलं. "मी एकटीच करते. हितं दुसरं कुणी नाही."

ती परत बडवायला लागली. तिच्यापुढची चळत माझ्यापेक्षा उंच होती.