वजनावर घेतलेला पॉवर सप्लाय

मुलगा रजा संपवून परदेशी परत गेला तेव्हा जेवणाच्या टेबलावर अर्धा कॉम्प्युटर ठेवून गेला. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळं त्यानं स्वतः जोडलं होतं. पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तेवढा राहिला. "तो तुम्ही आणा, अण्णा. मी व्हिडिओवर बघून बसवून घेतो," म्हणाला आणि गेला.

टेबल चार खुर्च्यांचं आहे. बायको गेल्यापासून मी एकाच खुर्चीवर बसतो, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

आधी आमचा रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपायचा. "जेवलात?" "जेवलो." "पाऊस?" "पडतोय." मग कुणीतरी 'बरं मग' म्हणायचं आणि फोन संपायचा. कॉम्प्युटर आला आणि फोन पाऊण तास चालू लागला. प्रोसेसर किती वीज खातो, कार्ड किती खातं, बेरीज करून वर थोडी मोकळीक कशी ठेवायची, सगळं तो समजावायचा. "साडेपाचशे वॉट पुरे. पाटीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर देतो ते वाचा." मी वहीत लिहून घ्यायचो. कळायचं निम्मं, 'हं' मात्र पूर्ण म्हणायचो.

ती वही महाळुंग्यात घरीच विसरून मी मंचरला गेलो. दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. एक साडेपाचशेचा, दुसरा त्याहून स्वस्त आणि वर हजार वॉट छापलेला. आता विहिरीची मोटार घेताना मी कधी पाटी वाचली नाही, उचलून बघतो. जड म्हणजे आत तांबं भरपूर. उभ्या जन्मात मोटारी अशाच घेतल्या. तेव्हा दोन डबे दोन हातांत तोलले.

"काका, हे असं वजनावर नाय घेत," दुकानदार म्हणाला.

याला तांब्यातलं काय कळतंय, अशा नजरेनं मी त्याच्याकडे पाहिलं आणि जड होता तो, हजारवाला, घेतला.

वर शहाणपणा असा, की रविवारची वाट न बघता शनिवारीच बसवला. पोराला चकित करायचं होतं. पंखा फिरला, लाल-निळे दिवे लागले, मी एकट्यानंच मान डोलावली. तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि घरभर जळक्या वायरीचा वास. झटकन प्लग काढला. जिन्नस जळल्याचं दुःख होतंच. पण आतलं सगळंच गेलं असेल तर उद्या फोनवर बोलायचं काय, हे जास्त लागलं.

गावात जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा माझा जुना मित्र आहे. त्याच्याकडे डबा नेला. त्यानं स्क्रू काढले, आत बघितलं आणि चहा खाली ठेवला.

"राव, तुमी ह्यो तोलून घेतला व्हता का?"

"तुला कसं कळलं?"

"बनवणाऱ्यालाबी कळलं व्हतं. आत सिमेंटची वडी घातलीय. तांबं न्हाई. अजून चार आणा, गोठ्याची पायरी करू."

रविवारी मुलाला सगळं सांगितलं, वडीसुद्धा दाखवली. तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याची आई गेल्यापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. मग त्यानं मला बॅटरी धरून एकेक भाग दाखवायला लावला. कुठं काळं पडलेलं दिसलं नाही. योग्य तो पॉवर सप्लाय त्यानं तिकडूनच मागवून कुरिअरनं पाठवला, आणि पुढच्या रविवारी आम्ही तो बसवला.

बटण दाबलं. पडदा उजळला. पंखा इतका मुका, की स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"झालं की मग, अण्णा," तो म्हणाला. पुढे 'बरं मग' येणार हे मला कळलं.

"पंखा जरा घरघरतोय," मी म्हणालो.

"मला तर ऐकू येत नाही."

"तू लांब आहेस."

तो गालातल्या गालात हसला. मग म्हणाला, "उघडून बघावं लागेल. पुढच्या रविवारी बघू. तोवर तुम्ही हात लावू नका."

हात कसला लावतोय? पण फोन ठेवल्यावर झाकणाचे चारही स्क्रू मी काढून पुढच्या रविवारसाठी वाटीत ठेवले.